नगरविकासाचे नकाशे आणि लहान मालक

‘आरक्षण’ हा शब्द राजकीय व्यासपीठावर एका अर्थाने उच्चारला जातो आणि तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेच्या आवारात अगदी निराळ्या अर्थाने. तेथे ‘जमिनीवर आरक्षण पडले’ असे म्हणतात. वीज पडावी, दरोडा पडावा, तसे ते पडते. कुणाच्या परसावर क्रीडांगण पडते, कुणाच्या वाडग्यावर भाजी मंडई पडते, कुणाच्या दोन खोल्यांच्या घरावरून अठरा मीटर रुंदीचा रस्ता जातो. प्रारूप विकास योजनेचा नकाशा नगरपरिषदेत लागतो, तीस दिवसांत हरकती व सूचना मागवल्या जातात, चार दिवस गावात कल्लोळ उडतो, एखादा मोर्चा निघतो आणि मग तो विषय नगररचना खात्याच्या फायलींत शिरतो. ज्याच्या जमिनीवर रंग चढलेला असतो त्याला मात्र तो पुढील दहा-पंधरा वर्षे विसरता येत नाही.

अशा प्रसंगी समाजवादी कार्यकर्त्यांची वर्तणूक दोन प्रकारची दिसते. काही जण गावात स्थापन झालेल्या आराखडाविरोधी कृती समितीत जाऊन बसतात. त्या समितीचा अध्यक्ष बहुधा गावातील सर्वांत मोठा जमीनमालक असतो, आणि मोर्चाच्या पुढे चालणाऱ्या गोरगरिबांच्या आड त्याच्या वीस एकरांचा प्रश्न सुखाने पुढे सरकत असतो. दुसरे काही जण हा मालमत्ताधारकांचा प्रश्न आहे, श्रमिकांचा नव्हे, असे म्हणून हात झटकतात. दोन्ही भूमिकांत विचाराचा आळस आहे. पहिली भूमिका नियोजनालाच शत्रू ठरवते. दुसरी दीड गुंठ्याच्या धन्याला वीस एकरांच्या धन्याच्या पंक्तीला बसवते.

प्रथम कायदा काय करतो ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. तो 1967 च्या जानेवारीत अमलात आला. त्यानुसार नगरपरिषद विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते, अस्तित्वातील जमीनवापराचा नकाशा तयार होतो, त्यावरून प्रारूप योजना प्रसिद्ध होते, नियोजन समिती हरकतींची सुनावणी घेते आणि अखेरीस राज्य शासन मंजुरी देते. शाळा, दवाखाना, बाग, बाजार, स्मशानभूमी, रस्ते यांसाठी जागा राखून ठेवणे हा या योजनेचा गाभा होय. इरादा जाहीर झाला की परवानगीवाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही, आणि प्रारूप नकाशात आरक्षण दिसले की बांधकामाची परवानगी मिळणे जवळजवळ बंद होते. सातबारावर नाव मालकाचेच राहते. घरपट्टी किंवा शेतसारा भरायचा तो त्यानेच. पण त्या जागेवर त्याला भिंत उभारता येत नाही, बँक ती तारण घेत नाही, आणि मुलीच्या लग्नासाठी विकायला काढली तर गिऱ्हाईक आरक्षणाचे नाव काढून निम्मी किंमत सांगते. नगरपरिषदेने त्याला अद्याप एक पैसाही दिलेला नसतो.

कायद्याच्या 127 व्या कलमात यावर उतारा आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि त्यानंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत व्हावे, अशी ती तरतूद आहे. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. 2009 च्या दुरुस्तीने ती बारा महिन्यांची झाली आणि 2015 च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची. शासनाच्या सवडीचा काळ चौपट झाला. मालकाने किती वर्षे थांबायचे याचा विचार करून एखादी दुरुस्ती झाल्याचे ऐकिवात नाही. योजना तयार होण्यात जाणारी वर्षे बाजूला ठेवली तरी दहा अधिक दोन अशी बारा वर्षे झाली. मालकाने वेळीच नोटीस दिली नाही आणि मध्येच योजनेची सुधारणा सुरू झाली, तर दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होण्याचा धोका वेगळाच.

बारा वर्षांचे अर्थशास्त्र साधे आहे, पण ते मांडून पाहिल्यावाचून त्यातील क्रौर्य कळत नाही. दरसाल दरशेकडा दहा हा व्याजाचा दर धरला, तर बारा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मोल 32 रुपयांहूनही थोडे कमी भरते. दहा टक्के हा दर ज्याची बँकेत पत आहे त्याचा. गावच्या सावकाराकडून महिना दरशेकडा तीन रुपयांनी पैसे उचलणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बारा वर्षांनंतरच्या शंभराचे आजचे मोल जवळजवळ शून्य. म्हणजे आरक्षणाखालच्या एकाच जमिनीची दोन माणसांच्या हिशेबी दोन मोले होतात. हातावर पोट असलेल्या मालकाला ती ओझे वाटते. ज्याच्यापाशी पडून राहू शकणारा पैसा आहे त्याला ती स्वस्त माल वाटते. मग व्हायचे तेच होते. पडत्या भावाने जमीन हात बदलते, नवा मालक शांतपणे दहा वर्षे मोजतो, नामांकित वकिलाकडून नोटीस देतो, नगरपरिषद नेहमीप्रमाणे झोपलेली असते किंवा तिला झोपवले जाते, आणि आरक्षण उठते. कायदा म्हणतो की अशी जमीन मग लगतच्या जमिनीप्रमाणे विकसित करता येईल. क्रीडांगणाच्या जागी इमारती उभ्या राहतात. आरक्षणाने जमिनीचे मोल नाहीसे होत नाही. जो थांबू शकत नाही त्याच्याकडून ते जो थांबू शकतो त्याच्याकडे जाते, आणि या देवघेवीत मुलांचे मैदान तेवढे खर्ची पडते.

न्यायालयांनी या बाबतीत मालकाची बाजू पुष्कळदा उचलून धरली आहे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संपादनासाठी नुसता प्रस्ताव धाडणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात 2013 साली तेच तत्त्व पुन्हा उच्चारले गेले. नगरपरिषदेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र एवढ्याने आरक्षण तगत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत तर 33 वर्षे अडकवून ठेवलेल्या एका भूखंडाबाबत न्यायालयाने शासनयंत्रणेला कडक शब्दांत सुनावले. हे निर्णय न्याय्यच आहेत. पण तालुक्याच्या गावातून निघून सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचणारा मालक किती एकरांचा असतो, याचा विचार निकालपत्रात होत नसतो, तसा तो होणेही शक्य नाही. गुंठाभर जागेच्या मालकाला कलम 127 हा आकडाच ठाऊक नसतो.

नगरपरिषदा जमिनी घेत का नाहीत? त्यांच्यापाशी पैसा नाही, हे उत्तर खरे आहे. नगरपरिषदांची जकात 1999 साली गेली. तिच्या जागी आले ते शासनाचे अनुदान, आणि अनुदानावर जगणाऱ्या संस्थेचा स्वाभिमान व अंदाजपत्रक दोन्ही मंत्रालयाच्या मर्जीवर. घरपट्टी वाढवण्याचे धैर्य कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकांत नसते. 2013 च्या भूसंपादन कायद्याने, जो 2014 च्या आरंभी अमलात आला, शहरी जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या सुमारे दुप्पट झाला. तो शेतकऱ्यांच्या लढ्यांचे फळ आहे आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे नकाशावरील आरक्षणे ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेर पार निघून गेली. 2014 च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायती करण्यात आले, तेथे तर कर गोळा करणारी यंत्रणाही धड उभी राहिली नव्हती. यावर तोडगा म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क सांगितले जातात: जमीन द्या आणि बदल्यात दुसरीकडे बांधण्याचा किंवा विकण्याचा हक्क घ्या. मुंबई-पुण्यात या कागदाला बाजार आहे. जेथे तिसरा मजलाच अपूर्वाईने चढतो, तेथे वाढीव चटई क्षेत्र कोण विकत घेणार? मोबदला म्हणून दिलेला असा कागद घरात फ्रेम करून लावण्यापुरता उपयोगी.

आता हा लहान मालक कोण, तेही नीट पाहिले पाहिजे. मालेगाव-इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत, साखर कारखान्यांच्या परिसरात, बाजार समित्यांच्या आसपास ज्या वस्त्या वाढल्या त्या गुंठेवारीच्या. शेतमालकाने जमिनीचे तुकडे पाडले आणि कामगाराने, शिपायाने, हमालाने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र करून तुकडा घेतला. सातबारावर त्याचे नाव नाही, मालमत्ता पत्रक नाही. 2001 सालच्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती 2020 अखेरपर्यंतच्या भूखंडांना खुली केली. परंतु नियमित करण्याचे शुल्क आणि हेलपाटे यांमुळे कित्येक घरे कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. जमीनवापराचा नकाशा करणाऱ्या सर्वेक्षकाच्या कागदावर ही घरे पुष्कळदा दिसतच नाहीत. तेथे मोकळे शेत दिसते. मोकळ्या शेतावर उद्यान दाखवण्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. खाली चाळीस चुली पेटत असतात आणि वर हिरवा रंग चढतो. ज्याचे नावच नाही त्याला नोटीस कोणती आणि मोबदला कशाचा?

याच्या उलट गावाबाहेरच्या मोठ्या जमिनींचे भाग्य पाहावे. नकाशावर निवासी क्षेत्र पिवळ्या रंगाने दाखवतात आणि शेती क्षेत्र हिरव्याने. म्हणून गावोगावच्या दलालांच्या बोलीत ‘यलो झोन’ हा शब्द मराठीच होऊन बसला आहे. रंगाच्या एका फटकाऱ्याने एकरी भाव कितीतरी पटींनी वाढतो. मालकाने त्यासाठी कुदळ मारलेली नसते. योजनेत हे साधले नाही तर पुढे कलम 37 खाली ‘फेरबदल’ करून घेता येतो. ज्याने योजनेचे स्वरूप बदलणार नाही एवढाच तो असावा, असे कायदा सांगतो. असे पुरेसे फेरबदल एकामागून एक झाले की योजना ओळखू येत नाही. गोव्यात याचे उघडेवागडे रूप दिसले. तेथे 2023 साली नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम घालण्यात आले आणि प्रादेशिक आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर जमिनींचे क्षेत्र बदलले जाऊ लागले. 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द ठरवले. चुका दुरुस्त होताना त्या नेमक्या डोंगरउतारावरच्या आणि भातशेतीच्या जमिनींतच सापडाव्यात, हा योगायोग गोव्यातील लोकांना पटला नाही, आणि दाद मागायला तेच पुढे आले.

एवढ्यावरून नियोजनच नको, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी चिपळूणकडे पाहावे. 22 जुलै 2021 च्या महापुरात ते गाव बुडाले. त्यानंतर वाशिष्ठीच्या निळ्या आणि तांबड्या पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. निळ्या रेषेच्या आत सर्वसाधारणपणे नवे बांधकाम होऊ नये, दोहोंच्या मध्ये अटींवर व्हावे. गावातील मालकांनी हरकत घेतली, कारण बाजारपेठेचा मोठा भाग या रेषांत सापडतो. नदीतील गाळ आधी काढा, अशी त्यांनी मागणी केली आणि त्यासाठी उपोषणेही केली. ती मागणी योग्य होती. पण रेषाच पुसून टाका म्हणणे म्हणजे पुढच्या पुरात भाडेकरूंना आणि तळमजल्यावरच्या दुकानांतील नोकरांना पाण्यात लोटणे होय. नदीला रेषा हवी, मुलांना मैदान हवे, गावाला रस्ता हवा. वाद आहे तो रेषेचा खर्च कोणी सोसायचा याविषयी. निळ्या रेषेमुळे साऱ्या गावाचा जीव वाचत असेल तर तिची किंमत नदीकाठच्या दोनशे घरांनीच का मोजावी?

समाजवादी पक्षाला या प्रश्नाशी एका जुन्या नात्यानेही तोंड द्यावे लागेल. मालमत्तेचा मूलभूत हक्क संविधानातून काढून टाकणारी 44 वी घटनादुरुस्ती 1978 साली झाली आणि तो बदल 20 जून 1979 पासून अमलात आला. तेव्हा जनता पक्षाचे शासन होते आणि त्या पक्षात विलीन झालेल्या समाजवाद्यांनी या दुरुस्तीचे मनापासून स्वागत केले होते. ते स्वागत चुकीचे नव्हते. मोठ्या जमीनदाऱ्या आणि इनामे मोडताना हाच हक्क प्रत्येक वेळी न्यायालयात आडवा आला होता. परंतु त्या दुरुस्तीमागे लहान माणसाची जागा फुकट अडकवून ठेवण्याची मुभा शासनाला मिळावी, असा हेतू नव्हता. दुसऱ्याच्या श्रमावर उत्पन्न देणारी मालमत्ता आणि डोक्यावरचे छप्पर यांतला भेद समाजवादाने पहिल्यापासून मानला आहे. विणकराचा गुंठा ही त्याची आयुष्यभराची मजुरी असते, विटांच्या रूपाने साठवलेली. ती बिनमोबदला गोठवणारे शासन त्याच्याकडून वेठच घेत असते, मग तिला नाव नगरविकासाचे असो.

उपाय नवा नाही. तो मुंबई इलाख्यात शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना परियोजनेची पद्धत आणली. तीत एका टापूतील सर्व जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकाकडून ठराविक हिस्सा रस्ते, मैदान, शाळा यांसाठी काढून घ्यायचा, आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत द्यायची. मालकाची जमीन थोडी कमी होते, पण तिला रस्ता लागतो, गटार लागते, भाव येतो. एकट्यादुकट्याच्या माथी आरक्षण न मारता सर्वांनी वाटा उचलायचा, ही त्यातली कल्पना. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील पत्त्यांत अजून टी.पी.एस. ही अक्षरे दिसतात ती या परियोजनांची खूण. 1966 च्या कायद्यातही ही तरतूद आहे. शिवाय, योजनेमुळे जमिनीच्या किमतीत जी वाढ होईल तिच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेता येते, असेही त्यात लिहिलेले आहे. गुजरातने 1976 च्या आपल्या कायद्याने ही पद्धत जोपासली आणि अहमदाबादेत तिचा विस्तार केला. महाराष्ट्राने ती जवळजवळ टाकून दिली. अलीकडे पुणे महानगर प्रदेशात आणि नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात ती पुन्हा हाती घेतली गेली आहे. लहान गावांच्या वाट्याला मात्र रंगवलेले नकाशेच आले.

जमिनीच्या किमतीतील न कमावलेल्या वाढीवर समाजाचा हक्क आहे, हे तत्त्व रिकार्डोच्या खंडसिद्धांतातून निघते. जॉन स्टुअर्ट मिलने ते स्पष्ट मांडले, हेन्री जॉर्जने त्यावर चळवळ उभी केली. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने 1947 च्या कायद्याने विकासामुळे होणारी अशी सगळीच्या सगळी वाढ सरकारजमा करण्याचा प्रयोग केला. हुजूर पक्षाने 1953 साली तो मोडला. त्या प्रयोगात दोष होता: शंभर टक्के वाढ घेतल्यावर जमीन बाजारात आणण्याचे कारणच मालकाला उरत नव्हते. निम्मी घेण्याची महाराष्ट्राच्या कायद्यातील तरतूद त्याहून शहाणी आहे. दोष एवढाच की ती वापरली जात नाही. 1992 पासून विकास शुल्क घेतले जाते, पण ते बांधकामाच्या वेळी. शेत पिवळे होताना जो लाभ पदरात पडतो, त्याला ते शिवतही नाही.

नगररचना परियोजना गावठाणात, दाट वस्तीत चालणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. दीड गुंठ्यातून कापायचे काय? म्हणून तीन गुंठ्यांपर्यंतच्या राहत्या जागेतून जमीन घेऊ नये, अगदी रस्त्यासाठी घ्यावीच लागली तर ताबा घेण्यापूर्वी त्याच गावात पर्यायी जागा द्यावी, आणि गावाबाहेरच्या मोठ्या जमिनींचे क्षेत्र बदलताना वाढीव किमतीचा हिस्सा पैशाने किंवा जमिनीने घेऊन त्यातून हा खर्च भागवावा. कोणतेही आरक्षण टाकताना त्यासाठीचा निधी कोठून व किती वर्षांत येणार, हे नकाशासोबतच छापणे बंधनकारक करावे. ज्याला पैसा नाही ते आरक्षण नकाशावर येऊच नये. यामुळे नकाशे ओकेबोके दिसतील, अशी भीती नगररचना खात्याला वाटेल. तसे ते दिसू द्यावेत.

74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरनियोजन हा नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगा विषय ठरला; बाराव्या अनुसूचीत तो पहिल्याच क्रमांकावर आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांवर 2021-22 पासून प्रशासक बसले होते आणि निवडणुका झाल्या त्या 2025 च्या डिसेंबरात. मधल्या काळात सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या सहीत सामावले होते. ज्या गावांत त्या अवधीत प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्या, तेथे कोणत्या वाडग्यावर काय पडले याची चर्चा सभागृहात झालेलीच नाही. नवे नगरसेवक आता स्थानापन्न झाले आहेत. ज्या योजना अजून मंजुरीविना आहेत, त्यांतील प्रत्येक आरक्षणाची आणि प्रत्येक क्षेत्रबदलाची यादी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, अशी मागणी पक्षाच्या शाखांनी पहिल्या तिमाहीतच केली पाहिजे. त्या यादीत जमिनीचा सध्याचा मालक आणि पाच वर्षांपूर्वीचा मालक अशी दोन नावे शेजारी शेजारी असावीत. पुष्कळ गोष्टी तेवढ्याने उघड होतील.

हरकत घेण्याचा हक्क कायद्याने फक्त मालकाला दिलेला नाही. तो कोणालाही आहे. भाडेकरू हरकत घेऊ शकतो, आठवडे बाजारात बसणारी भाजीवाली घेऊ शकते, ज्यांचे मैदान व्यापारी संकुलाच्या गाळ्यांसाठी जात आहे त्या शाळकरी मुलांचे पालक घेऊ शकतात. आजवर हे घडत नाही, कारण तीस दिवस निघून गेल्यावर माणसे जागी होतात. म्हणून जमीनवापराचे सर्वेक्षण चालू असतानाच कार्यकर्त्यांनी तो नकाशा घेऊन प्रभागवार हिंडावे, जी घरे त्यावर नाहीत त्यांची वीजबिले, शिधापत्रिका आणि घरपट्टीच्या पावत्या गोळा कराव्यात, आणि प्रत्येक हरकतीची मुख्याधिकाऱ्यांच्या शिक्क्याची पोच घ्यावी. योजना अंतिम झाल्याची तारीख शाखेच्या वहीत लिहून ठेवावी. दहा वर्षांनी नोटीस द्यायची वेळ येईल तेव्हा ती तारीख बांधकाम व्यावसायिकाच्या वकिलापाशी तर असेलच. ती विणकराच्या शेजारच्या शाखेतही असली पाहिजे.